तेलाची वाटी

कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता अभ्यासक्रमात असो वा नसो, दर वर्षी एखाद्या तासाला मी ती काढतोच. पुरात घर गमावलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांना भेटायला येतो. सर पैसे देऊ पाहतात, पण त्याला हवा असतो तो पाठीवर एक हात. ही कविता शिकवताना माझा आवाज जरा जड होतो. तो जड झालेला मला आवडतो, हेही वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात असाच तास रंगला असताना मी मुलांना विचारले, "तुमच्या पाठीवरून शेवटचा हात कोणी फिरवला, आठवते का?" मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. मुलगे बाकावरचे जुने कोरीवकाम न्याहाळू लागले. तेवढ्यात धरणगावाकडून रोज येजा करणारा, एरवी वर्षभरात तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही शेवटचा कोणाच्या पाठीवरून फिरवला?"

प्राध्यापकाच्या मदतीला घंटा धावून येते असे म्हणतात. त्या दिवशीही ती आली. मी पुस्तक मिटले, "उद्या बोलू," म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी अलंकार शिकवायला घेतले. पण प्रश्न काही घंटेने सुटला नाही. कारण त्याच वर्षी होळीनंतर आठ दिवसांनी आई गेली होती, धुळ्याच्या घरी नाना एकटे होते, आणि त्यांच्या पाठीवर मी हात ठेवला होता तो केव्हा, हे मला खरोखरच आठवत नव्हते. पायांना हात लावला होता. तो तर दर वेळी लावतो. पण पाया पडणे निराळे.

या सदरात मी आजवर शब्दांविषयीच लिहीत आलो आहे. तेव्हा आज शब्दांपासूनच आरंभ करतो. स्पर्शाच्या बाबतीत आपली मराठी भलतीच श्रीमंत आहे. आपण लहान मुलाला थोपटतो, मांजराला गोंजारतो, गाईची मान खाजवतो, थकल्याचे पाय चेपतो, दुखरा गुडघा चोळतो, पैलवानाला रगडतो, रुसलेल्याला कुरवाळतो. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी घालून पाहा, वाक्य लगेच कुरकुर करू लागते. थोपटण्यात ताल आहे, चेपण्यात वजन आहे, चोळण्यात वेग आहे आणि 'हात फिरवणे' यात यांपैकी काहीच नाही. तेथे नुसता वेळ आहे.

दुःख शरीरात कोठे जाऊन बसते, हेही भाषेला ठाऊक आहे. आपल्याकडे गळा दाटून येतो, छातीवर दगड बसतो, पोटात खड्डा पडतो, खांद्यावर ओझे येते. नको असलेल्या ठिकाणी माणूस अंग चोरून बसतो. आणि 'स्नेह' या शब्दाचे अर्थ तर दोनच : एक तेल, दुसरा माया. संस्कृतात एकाच वाटीत या दोन गोष्टी ठेवताना कोणाला अडचण वाटलेली दिसत नाही.

जुन्या वैद्यांनाही ती वाटली नाही. चरकसंहितेत तेल लावण्याचे महत्त्व सांगताना तीन घरगुती दाखले दिले आहेत : तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. या तिन्ही वस्तू जशा झीज सोसतात तसे तेल लावलेले शरीर कष्ट सोसते, असा त्याचा भाव. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोजच्या दिनचर्येत घातला. डोके, कान आणि पाय यांना तो विशेषकरून करावा असे सांगितले, आणि अजीर्ण झालेल्याने तो टाळावा हेही बजावले. रोजची ही गोष्ट आपण वर्षातून एका पहाटेवर आणून ठेवली. आणि त्या पहाटेही निम्मे लक्ष पहिला फटाका कोण वाजवतो याकडे!

आमच्या घरी मात्र आई होती. धुळ्यातील काही जुन्या गल्ल्या नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखल्या जातात. तशाच एका गल्लीत आमचे घर. नरकचतुर्दशीला अंधारातच बंब पेटायचा. आई पितळी वाटीत तिळाचे तेल कोमट करी आणि आम्हा सर्वांना एकेक करून पाटावर बसवी. नानांचा पाट पहिला. नाना कोषागार कचेरीत होते. हिशेबाला चोख, बोलण्याला काटकसरी. पण त्या पाटावर ते डोळे मिटून एखाद्या मुलासारखे बसत. मी दहाअकरा वर्षांचा झालो तसे "मी माझं लावीन" म्हणून वाटी हातात घेऊ लागलो. मुलग्याला मिसरूड फुटण्याच्या सुमारास घरातले सर्व हात त्याच्यापासून हळूहळू दूर होतात. कोणी ठरवून करत नाही. त्याला वाटते आपण मोठे झालो, घरच्यांना वाटते तो मोठा झाला, आणि मग पुढे कोणाच्याच काही लक्षात येत नाही.

तेल लावण्याची कला म्हणजे काय, हे मला प्रथम कळले ते धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला जवळच्या खेड्यातून एक आजीबाई येत. पाटावर पाय लांब करून बसत, नडग्यांवर बाळाला पालथे घालत आणि मग काही वेळ काहीच करत नसत. तेलाचा हात बाळाच्या पाठीवर नुसता ठेवलेला. मला वाटे, म्हातारीला डुलकी लागली की काय! एकदा मी विचारले, तेव्हा माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, "पहिले हात ठेव, मंग फिराव. तोंडले नही समजस, आंगले समजस." अहिराणीतले हे दोन वाक्यांचे शास्त्र मी ऐकले, हसलो आणि विसरलो. एम. ए. ची परीक्षा जवळ आली होती.

पुढे वाचनात आले की अशाच एका बाईला पाहून एका फ्रेंच डॉक्टरांनी पुस्तक लिहिले. फ्रेडरिक लबॉये हे प्रसूतितज्ज्ञ. कोलकात्यात त्यांनी शांतला नावाची एक आई आपल्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना पाहिली आणि १९७६ साली तिच्याच नावाचे पुस्तक काढले. युरोपातल्या आया त्यावरून बाळाला मालीश करायला शिकल्या. आपल्याकडे ज्या कामाला सव्वा महिन्याची बिदागी आणि एक लुगडे मिळते, त्यावर तिकडे पुस्तक निघते.

शास्त्रज्ञांनीही मग मोजमाप सुरू केले. अमेरिकेत टिफनी फील्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा पंधरा मिनिटे, दहा दिवस हाताने चोळले आणि हातपाय हलवून दिले. या बाळांचे वजन इतरांपेक्षा दररोज ४७ टक्के अधिक वाढले. आणि दूध तर त्यांनी जास्त प्यायले नव्हते. पुढे असेही दिसले की अगदी फुलासारखा हलका हात तितका उपयोगी पडत नाही. थोडा दाब लागतो. आजीबाईंचा हात तसाच होता, हलका नव्हे आणि जडही नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. आपल्या त्वचेत स्पर्शाचे निरोप नेणारे मज्जातंतू एकाच जातीचे नसतात. काही टपालगाडीसारखे वेगवान; कोठे लागले, किती लागले हे ते क्षणात कळवतात. पण लव असलेल्या त्वचेत, म्हणजे पाठीवर, दंडावर, हातांवर, दुसरे अगदी सावकाश तंतू असतात. त्यांचा निरोप सेकंदाला मीटरभर अंतर कापतो, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याच्या वेगाने. हे तंतू उत्तम जागे होतात ते सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या मंद गतीने हात फिरला तर, आणि तो हातही अंगाइतकाच कोमट असला तर. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी एका स्त्रीविषयी लिहिले. तिचे वेगवान तंतू आजाराने निकामी झाले होते. तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला, तेव्हा तिला काहीतरी पुसटसे, पण सुखाचे जाणवले. मेंदूच्या छायाचित्रात भावनांशी निगडित असलेला भाग उजळला. नेमका स्पर्श ओळखणारा भाग उजळला नाही. कोमट तेल, हळू हात, पाठ : आईला यातले काहीही शिकवावे लागले नव्हते.

मोठ्या माणसांसाठी या गोष्टीचा विचार करणाऱ्याही एक बाई होऊन गेल्या. मॅरियन रोझेन. १९१४ साली जर्मनीत न्युरेंबर्ग येथे जन्म. ज्यू म्हणून देश सोडावा लागला. अमेरिकेत जाऊन त्या व्यायामोपचार करू लागल्या. आखडलेल्या मानेवर, पाठीवर काम करताना त्यांच्या ध्यानात आले की काही रोगी उपचार चालू असताना आपले आयुष्य सांगू लागतात, आणि जे सांगतात त्यांना बरेही लवकर वाटते. मग त्यांनी जोर लावून स्नायू मोकळा करण्याऐवजी त्याच्यावर नुसता हात ठेवून थांबण्याची एक पद्धत बसवली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २०१२ साली, ९७ वर्षांच्या होऊन त्या वारल्या. या पद्धतीने अमुक रोग बरा होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. म्हणून मीही तसे म्हणणार नाही. पण स्नायू जे धरून ठेवतो ते सगळेच स्नायूचे नसते, हा त्यांचा अनुभव मला गेल्या दिवाळीत आठवला.

आईनंतरची ती पहिली दिवाळी. घरात सण नव्हता. आकाशकंदील नाही, फराळ नाही. नाना म्हणाले होते, "येऊ नका. उगाच कशाला?" तरी आम्ही निघालो. जळगाव सोडून बस बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडते, मग एरंडोल, पारोळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. पारोळ्याला अमळनेरचा फाटा दिसला, की मला नेहमी साने गुरुजी आठवतात. १९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले, पुढे छात्रालयही सांभाळू लागले, आणि आजारी मुलाच्या उशाशी बसून शुश्रूषा करू लागले. त्या दिवशी फाटा मागे गेला तसा धरणगावच्या मुलाचा प्रश्नही आठवला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

नानांचा उजवा खांदा चारपाच महिन्यांपासून आखडला होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता. डॉक्टरांनी चित्र काढून पाहिले होते. मोडलेले काही नव्हते. मधुमेहात असे खांदे पुष्कळदा धरतात, असे सांगून त्यांनी भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम दिला होता. नाना तो नेमाने करत. भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने तारखा घालून खुणा केल्या होत्या, खतावणीतल्या नोंदींसारख्या. पण खांद्याइतकेच बाकीचेही काही आखडलेले होते. आई गेली त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेले कोणी पाहिले नव्हते. बँकेचे कागद, वीजबिल, भाजीचा भाव, यांपलीकडे ते बोलत नसत. खांदे दोन्ही कानांजवळ चढलेले असत. थंडीत कुडकुडणारा माणूस बसतो तसे.

चतुर्दशीच्या पहाटे सौ.ने वाटी कोमट केली. तीच पितळी वाटी. नानांपुढे ती ठेवली आणि मला हळूच म्हणाली, "त्यांचा हात पोचत नाही पाठीला. तुम्ही लावा."

"मी?" असे मी जे म्हणालो, ते बहुधा वर्गातल्या त्या मुलग्यांच्या चेहऱ्यानेच म्हणालो असेन.

"नाना, लावू का तेल?"

नाना काही क्षण वाटीकडे पाहत राहिले. मग सदरा काढून पाटावर पाठ करून बसले. ती पाठ मी कित्येक वर्षांत उघडी पाहिली नव्हती. केवढी रुंद होती एके काळी! आता पाखे मोजता येत होते. मी तेल घेतले आणि घाईघाईने वरखाली हात मारू लागलो. कसे तरी उरकायचे होते मला. दोन मिनिटांनी नाना म्हणाले, "फळा पुसतोयस का?"

सौ. स्वयंपाकघरात हसली. मीही हसलो. आणि हात थांबले. थांबल्यावर आजीबाईंचे वाक्य आपोआप वर आले. मी हात एकमेकांवर चोळून ऊन केले, पुन्हा तेल घेतले, दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांच्या मध्ये ठेवले आणि हलवलेच नाहीत.

असे थांबणे फार अवघड असते. व्याख्यात्याला तर विशेष. मला राहून राहून काहीतरी बोलावेसे वाटत होते. हवापाण्याविषयी, निवडणुकीविषयी, कशाहीविषयी. हाताखाली पाठ कातळासारखी होती. मग कधीतरी त्यांचा एक श्वास जरा खाली, पोटापर्यंत गेलेला मला तळव्यांना कळला. दुसरा गेला. मी हात फिरवू लागलो, अगदी सावकाश, मानेपासून कमरेपर्यंत. दुखऱ्या खांद्याजवळ आल्यावर ते आखडले, तसा मी तेथेच थांबलो. पुढे रेटले नाही.

"तुझी आई अशीच थांबायची," नाना म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. बरे झाले. कारण थोड्या वेळाने ते आपणहून बोलू लागले. समोरच्या बंबाकडे पाहत, हलक्या आवाजात. शेवटच्या रात्री ते आईचा हात धरून बसले होते. पहाटेच्या सुमारास परिचारिकेने, काही करायचे होते म्हणून, त्यांना जरा बाहेर बसायला सांगितले. ते नियमाला धरून असणारे, उठले. पुन्हा आत बोलावले तेव्हा सगळे संपले होते.

"हात सोडायला नको होता मी," नाना म्हणाले. "ती झोपेत होती म्हणाले. पण तिला कळलं असेल ना, सोडला ते?"

माझ्या तळव्यांखाली त्यांची पाठ हलू लागली. आवाज नव्हता. आठ महिने धरून ठेवलेले होते ते. मी समोर असतो, तर त्यांनी ते पुन्हा गिळले असते आणि मीही दुसरीकडे पाहिले असते. तेल लावताना माणसे एकामागे एक बसतात; कोणाला कोणाचा चेहरा दिसत नाही. आमच्यासारख्या बापलेकांना बोलायला तेवढी एकच बैठक सोयीची असावी. मला सांत्वनाची पुष्कळ वाक्ये येतात. आयुष्यभर तोच धंदा केला आहे. त्यांतले एकही मी उच्चारले नाही. हात तेवढा काढला नाही.

तांब्यातले पाणी निवेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मग नाना डोळे पुसून म्हणाले, "बंब विझेल." आणि स्नानाला गेले.

कोणी विचारील, खांदा सुटला का? नाही. तो त्याच्या गतीने, व्यायामाने आणि औषधाने सुटतो आहे. भिंतीवरची सर्वांत अलीकडची खूण पहिलीपेक्षा चांगली वीतभर वर आहे. त्या पहाटेचा आणि खांद्याचा संबंध जोडण्याचा मोह मला होतो, पण डॉक्टरांच्या कामाचे श्रेय तेलाच्या वाटीला देणे बरोबर नाही. ज्याचे दुखणे वाढते आहे, ज्याचे मन महिनोन् महिने अंधारात आहे, त्याला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. सूज, ताप, ताजी दुखापत असेल तेथे हात लावू नये. आणि कोणाच्याही अंगाला विचारल्याशिवाय हात लावू नये, मग तो आपला बाप असो, मूल असो की विद्यार्थी. "लावू का?" या दोन शब्दांना मीही नंतर जरा अधिक मान देऊ लागलो. "नको" असे उत्तर आले, तर वाटी खाली ठेवावी. तीत अपमान नाही.

बदलले ते एवढेच की नाना आता आईविषयी बोलतात. ती भाजीत मीठ विसरायची हे सांगतात, तिच्या माहेरच्यांची नक्कल करतात, आणि मध्येच गप्प होतात. ती गप्प बसण्याची जात निराळी आहे. मी महिन्या-दीड महिन्याने धुळ्याला जातो. रविवारी सकाळी वाटी निघते. आमच्यात फार बोलणे होते असे नाही.

गेल्या दिवाळीची एक गोष्ट सांगायची राहिली. नाना स्नान करून आले, तेव्हा मी माझी वाटी घेऊन, माझे मीच, नेहमीप्रमाणे डोक्याला थापट्या मारत होतो. त्यांनी ती माझ्या हातून घेतली. "बस खाली," म्हणाले. मी चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक, पाटावर बसलो. त्यांचा उजवा हात वर होत नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने लावले. तेल कपाळावरून डोळ्यांत गेले, चश्म्याला लागले, बनियनवर सांडले. सौ.ला तो डाग पुढे तीन धुण्यांत निघाला नाही, आणि त्याविषयी तिने मला अजून पुरती क्षमा केलेली नाही.

यंदा धरणगावचा तो मुलगा शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीपूर्वीच्या तासाला मी 'कणा' पुन्हा काढली आणि त्याला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं." तो कावराबावरा होऊन उभा राहिला, त्याला प्रश्न आठवतही नव्हता. मी उत्तर सांगितले. मुलगे बाकाकडे पाहत होते. घंटा झाली, पण या वेळी मी ती ऐकली नाही.